खोलीत आणखी कोणी

कुठलाही कागद खरा ठरतो तो आपल्यामुळे, अशी शिक्केवाल्यांची पक्की समजूत होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. शाळेचे दाखले, वाचनालयाची पुस्तकं, दवाखान्यांची कागदपत्रं, वकिलांच्या प्रती, या सगळ्यांवर उमटलेले शिक्के त्यांच्या हातचे. रबराचा तुकडा घ्यायचा, बारीक पात्यानं त्यावर अक्षरं उलटी कोरायची, तो लाकडी मुठीला चिकटवायचा, शाईच्या गादीवर टेकवून कागदावर दाबायचा, की अक्षरं सरळ. चाळीस वर्षं हेच. उलटी अक्षरं त्यांना सरळ अक्षरांपेक्षा भरभर वाचता येत. वर्तमानपत्र आरशात धरून वाचलं तर लवकर संपतं, असं ते चारचौघांत सांगायचे, आणि ऐकणारा हसला नाही तर पुन्हा सांगायचे.

अशा माणसाला एका मंगळवारी सकाळी ऑनलाइन बाजाराकडून निरोप आला, की आपण आपणच आहात हे कृपया सिद्ध करा. शिक्केवाल्यांच्या डोक्यात तिडीक गेली. जगाला खरेपणा पुरवणाऱ्या माणसाला हे असं विचारायचं म्हणजे काय.

निरोप लांबलचक होता. विक्रेत्यांची खाती चोरीला जाण्याचे प्रकार वाढले आहेत, म्हणून खात्यात शिरताना यापुढे पासवर्ड आणि ओटीपी पुरेसा नाही, जादा ओळख-पडताळणी करावी लागेल, अशी सुरुवात होती. शेवट असा होता, की शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत पडताळणी झाली नाही तर खातं कायमचं बंद होईल, आणि त्यावरचे तारे व अभिप्राय परत मिळणार नाहीत.

हा शेवट वाचल्यावर मात्र त्यांचा राग ओसरला आणि त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. कारण कचेऱ्यांना आता शिक्के लागत नव्हते. लोक पडद्यावर बोट फिरवून सह्या करत होते. रस्त्यावरचं दुकान तीन वर्षांपूर्वी बंद झालं होतं, कामाचं टेबल घराच्या पुढच्या खोलीत आलं होतं, आणि जे काही काम येत होतं ते सगळं त्या एका खात्यातून येत होतं.

खातं उघडलं होतं मुलीनं. आठ वर्षांपूर्वी, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाण्याच्या आदल्या दिवशी. दुकानाचं नाव तिनं ठेवलं ‘शिक्केवाले काका’. फोटो काकांचा, डोळ्याला भिंग लावून रबरावर वाकलेले. फोन नंबर काकांचा, जन्मतारीख काकांची, सगळं काकांचं. काका त्या दिवशी फोटोपुरते हसले आणि पुन्हा आपल्या टेबलाकडे गेले. त्यानंतर आठ वर्षांत ते त्या खात्याच्या आत एकदाही शिरले नाहीत.

आत शिरायची ती बायको. रोज सकाळी घरातली कामं उरकून ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि पासवर्ड टाकायची. मग शिक्केवाल्यांच्या फोनवर ओटीपी यायचा. ते हातातलं काम थांबवायचे, चष्मा बदलायचे, घसा साफ करायचे आणि सहा अंक एकेक करून वाचून दाखवायचे. एवढं झालं की पुन्हा चष्मा बदलून काम सुरू. ओळखीतलं कोणी भेटलं, की धंदा कसा काय चाललाय या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं असे: ऑनलाइन आहे ना, रोज सकाळी पहिलं काम तेच करतो.

आता त्या सहा अंकांनंतर काय व्हायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं. बायको ग्राहकांना उत्तरं लिहायची. काय कोरायचं त्याची चिठ्ठी करून त्यांच्या टेबलावर ठेवायची. पुड्या बांधून पोस्टात नेऊन द्यायची. मुख्य म्हणजे शिक्क्यांवरचे शब्द तिचे होते. सुरुवातीला एका शिक्षिकेनं विचारलं होतं, की ‘उत्तम’ आणि ‘सुधारणा हवी’ सोडून दुसरं काही मिळेल का. बायकोनं दोन दिवस विचार करून तिला तीन शिक्के सुचवले: ‘वाचलं. आवडलं.’, ‘इथे घाई झाली.’ आणि ‘अक्षर सुधारलं, आता उत्तराकडे बघ.’ त्या शिक्षिकेनं ते मैत्रिणींना दाखवले, मैत्रिणींनी आपापल्या शाळेत, आणि बघता बघता कुठकुठल्या गावांतल्या मुलांच्या वह्यांत शिक्केवाले काका बोलायला लागले.

काका, कारण उत्तरं काकांच्या नावानं जायची. खातं काकांचं होतं, म्हणून बायको ‘मी पाठवतो’, ‘मी बघतो’, ‘मला आनंद झाला, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आता तिसऱ्यांदा वाचतो’ असं लिहायची. पहिले काही दिवस तिला लिहिताना हसू यायचं, मग सवय झाली. लोक लिहायचे, की काका, तुम्ही किती समजून घेता. अभिप्राय चार हजारांवर गेले होते आणि जवळजवळ प्रत्येकाला पाच तारे होते. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, केवढे चाहते आहेत तुमचे. हे ऐकून शिक्केवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. बायको त्या वेळी शेजारीच असायची आणि काही बोलायची नाही. नाव कोणाचं का असेना, लिहायला मिळतंय, हे तिला पुरत होतं. निदान शिक्केवाल्यांचा तसा समज होता, म्हणजे त्यांनी तो विचार कधी केला असता तर तसा समज झाला असता.

असो. तर मंगळवारी निरोप आला तेव्हा बायको पुड्या घेऊन पोस्टात गेली होती. शिक्केवाल्यांनी तिची वाट पाहिली नाही. ओळख माझी विचारली आहे, तर ती मीच पटवणार, असं त्यांनी ठरवलं. लॅपटॉपच्या वाटेला ते गेले नाहीत, फोनवर जमत होतं. सूचना साधी होती. सोबत दिलेले सहा अंक कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिहा, कागद हनुवटीखाली धरा, फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यानं स्वतःचा फोटो काढून पाठवा.

त्यांनी काळ्या शाईत ठसठशीत अंक लिहिले, कागद हनुवटीखाली धरला आणि पडद्यात पाहिलं. अंक उलटे. चार, सात, दोन, नऊ, सगळे आरशातल्यासारखे. तुम्हीआम्ही असतो तर खांदे उडवून बटण दाबलं असतं. फोनचा पुढचा कॅमेरा आपल्याला आरसा दाखवतो आणि समोरच्याला सरळ फोटो पाठवतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि ज्यांना माहीत नसतं त्यांचं काही बिघडत नाही, कारण त्यांना अंक उलटे लिहिता येत नाहीत. शिक्केवाल्यांना येत होते. नुसते येत नव्हते, तर त्यांच्याइतके सुरेख उलटे अंक लिहिणारा दुसरा माणूस शोधून सापडला नसता. त्यांनी नवा कागद घेतला, सहाही अंक सफाईनं उलटे काढले, पडद्यात ते झकास सरळ दिसले, आणि त्यांनी फोटो पाठवून दिला.

पाच मिनिटांत उत्तर आलं: कागदावरील मजकूर वाचता येत नाही. शिक्केवाल्यांना वाटलं, शाई फिकी पडली. त्यांनी जाड कुंचला घेतला आणि तेच अंक दुप्पट मोठे काढले, अर्थात उलटे. पुन्हा तेच उत्तर, आणि खाली एक ओळ, की आपला एकच प्रयत्न शिल्लक आहे.

आता प्रश्न अब्रूचा झाला. हाताची अक्षरं यांना वाचता येत नसतील तर कोरलेली वाचता येतील, असा त्यांनी हिशोब केला. टेबलाशी बसले, भिंग चढवलं आणि एका चांगल्या रबरावर सहा अंक कोरले. मात्र छाप उलटा उमटायला हवा होता. तेव्हा चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी शिक्का सरळ कोरला. हाताला ते इतकं परकं वाटलं की दोनदा पातं घसरलं. शेवटी छाप उमटला, काठापर्यंत स्वच्छ, एकही अंक तुटलेला नाही. हनुवटीखाली धरून, थोडं स्मित करून, त्यांनी तिसरा फोटो पाठवला.

बायको पोस्टातून परतली तेव्हा ते फोनकडे आ वासून बघत बसले होते. पडद्यावर लिहिलं होतं: संशयास्पद हालचाल आढळल्याने खाते तात्पुरते गोठवण्यात आले आहे. तिनं टेबलावरचे तिन्ही कागद पाहिले, शिक्का उचलून पाहिला आणि पिशवी खाली न ठेवताच खुर्चीत बसली.

“सरळ का नाही लिहिलंत?” तिनं विचारलं.

“उलटं दिसत होतं,” शिक्केवाले म्हणाले.

तिनं मुलीला फोन लावला, मुलीनं कपाळाला हात लावला असावा असं तिच्या आवाजावरून वाटलं, आणि मग दोन दिवस कुठेकुठे अर्ज करून तिनं एक शेवटची संधी मिळवून दिली. शुक्रवारी दुपारी तीन वाजता कंपनीच्या पडताळणी अधिकारी शिक्केवाल्यांशी पडद्यावर समोरासमोर बोलणार होत्या. खात्याबद्दल काही प्रश्न विचारणार होत्या. उत्तरं जुळली तर खातं वाचलं.

मुलाखतीचे नियम आले ते बायकोनंच मोठ्यानं वाचून दाखवले. उजेड पुरेसा असावा. टोपी किंवा गॉगल नसावा. खोलीत अर्जदाराखेरीज कोणी असू नये.

“मग त्या वेळी तू आत जाऊन बस,” शिक्केवाले म्हणाले.

तिनं मान हलवली आणि विचारलं, की गेल्या महिन्यात सगळ्यात जास्त खपलेला शिक्का कोणता, असं त्या बाईंनी विचारलं तर काय सांगाल. शिक्केवाल्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, ‘सत्यप्रत’. बायको म्हणाली, ‘सत्यप्रत’ चार वर्षांत एकही गेलेला नाही. मग तिनं आणखी चार-पाच प्रश्न विचारले आणि शिक्केवाल्यांना एकाचंही उत्तर आलं नाही. आपल्याच दुकानाबद्दल कोणी इतकं अवघड विचारेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

तेव्हा ठरलं असं, की तिनं लॅपटॉपच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी स्टुलावर बसायचं. मांडीवर मोठी वही, हातात जाड मार्कर. प्रश्न आला की उत्तर लिहून वही वर धरायची. गुरुवारी दोनदा तालीम झाली. दुसऱ्या तालमीत तिनंच अधिकारी होऊन विचारलं, खोलीत आणखी कोणी आहे का, आणि मग स्वतःच शिकवलं, की नाही म्हणायचं. दोघंही हसले. लग्नानंतर एवढा वेळ समोरासमोर बसून ते बहुधा पहिल्यांदाच काही करत होते.

शुक्रवारी तीनला पडद्यावर अधिकारी बाई आल्या. तरुण होत्या, कानाला बोलण्याचं यंत्र लावलेलं, मागे कोरी भिंत. दिवसभर लोकांना तुम्ही कोण असं विचारून दमल्यासारखा चेहरा. त्यांनी शिक्केवाल्यांना आधी मान डावीकडे वळवायला सांगितली, मग उजवीकडे, मग डोळ्यांची उघडझाप करायला. शिक्केवाल्यांनी ते सगळं फार मन लावून केलं.

मग प्रश्न सुरू झाले. दुकान कधी सुरू झालं? वही वर आली, शिक्केवाल्यांनी तारीख सांगितली. सगळ्यात जास्त खपणारी वस्तू? वही वर, ‘इथे घाई झाली’. गेल्या महिन्यात एक शिक्का परत आला, तो का? वही वर, मूठ वाटेत तडकली होती, दुसऱ्याच दिवशी बदलून दिला. शिक्केवाले रंगात आले. नुसतं वाचायचं सोडून ते उत्तराला आपल्या पदरचा मीठमसाला लावू लागले, मुठीचं लाकूड हल्ली कसं येतं यावर दोन वाक्यं बोलले. बायकोनं मार्करनं हवेत खूण केली, की पुरे.

“सर, तुम्ही सारखं वर बघताय,” अधिकारी बाई म्हणाल्या.

“सवय आहे. रबरावर वाकून मान दुखते, म्हणून वर बघतो मधेमधे.”

“खोलीत तुमच्याशिवाय आणखी कोणी आहे का?”

“कोणी नाही.”

इथवर सगळं तालमीप्रमाणे झालं. पण बाई लगेच पुढचा प्रश्न विचारेनात. त्या नुसत्या बघत राहिल्या, आणि शिक्केवाल्यांना कोणाचं गप्प राहणं सोसत नसे. आपलं उत्तर जरा तोकडं पडलं असं त्यांना वाटलं.

“एकट्याचाच कारभार आहे, मॅडम,” ते म्हणाले. “पहिल्यापासून. माझं मी कोरतो, माझं मी विकतो. घरात कोणाला यातलं काही कळत नाही.”

बायकोनं मार्करला टोपण लावलं.

ती उठली नाही, तिनं डोळे वटारले नाहीत, काही नाही. वही मिटून मांडीवर ठेवली आणि त्यावर दोन्ही हात ठेवून, तिकिटाच्या रांगेत बसल्यासारखी, ती शांतपणे त्यांच्याकडे बघू लागली. शिक्केवाल्यांना वाटलं, प्रश्न आला की उघडेल.

प्रश्न आला. गेल्या आठवड्यात एका शिक्षिकेनं लिहिलं होतं, की माझ्या वर्गात एक मुलगा वहीत काहीच लिहीत नाही, वही कोरी आणून ठेवतो, अशा वहीवर मारायला एखादा शिक्का सुचवा. तुम्ही तिला काय उत्तर दिलंत?

शिक्केवाल्यांनी वर पाहिलं. वही मिटलेली. त्यांनी भुवया उंचावल्या, मान तिरकी केली, खोकले. वही मिटलेलीच.

“मी म्हणालो,” शिक्केवाले म्हणाले, “माप कळवा.”

“इथे बराच मोठा मजकूर आहे, सर.”

“मग रंगही विचारला असेल.”

अधिकारी बाईंनी समोरचं काही वाचलं. मग त्या जरा सावकाश म्हणाल्या, की मी हा प्रश्न मुद्दाम विचारतेय. तुमच्या आठ वर्षांच्या उत्तरांत सगळीकडे ‘पाठवतो’, ‘लिहितो’, ‘सांगतो’ असं आहे. फक्त या एका उत्तरात शेवटी ‘पाठवते’ आहे. ते कसं?

शिक्केवाल्यांच्या कपाळावर घाम आला. एका मात्रेनं माणूस पकडला जातो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. अशा एकेका मात्रेसाठी त्यांनी अख्खे शिक्के फेकून दिले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. आता तिच्याही चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं, पण ते त्यांच्यासाठी नव्हतं. आपण कुठे चुकलो ते तिला आत्ता कळत होतं, आणि ते उत्तर कोणाला लिहिलं होतं ते आठवत होतं.

“कोऱ्या वहीवर शिक्का मारू नका, असं लिहिलं होतं,” ती बोलली. आवाज मोठा नव्हता, पण खोली लहान होती. “तुम्ही त्याच्या वहीत चार ओळी चुकीच्या लिहा आणि त्याला तपासायला द्या, असं लिहिलं होतं. त्यासाठी एक शिक्का त्या मुलाला पाठवते, तुम्हाला नाही. तो त्याला तुमच्या ओळींवर मारू द्या.”

पडद्यावरच्या बाई थोड्या पुढे झाल्या. “आपण कोण?”

“मी कोणी नाही,” बायको म्हणाली. “आत्ताच सांगितलं ना त्यांनी.”

यात कुठे राग नव्हता, टोमणाही नव्हता. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं ती बोलली. म्हणूनच शिक्केवाल्यांना ते लागलं. ती चिडली असती तर त्यांनी समजूत काढली असती, पण ती तर त्यांचंच वाक्य जसंच्या तसं परत देत होती.

अधिकारी बाईंनी डोळे चोळले. मग कानाचं यंत्र नीट करून त्यांनी सांगितलं, की माझ्यासमोर दोन रकाने आहेत. पहिला असा, की खातं अर्जदारच चालवतात आणि घरचं माणूस अधूनमधून मदत करतं. हा भरला तर पडताळणी इथेच पूर्ण होते. दुसरा असा, की खातं प्रत्यक्षात दुसरी व्यक्ती चालवते. हा भरला तर हे खातं नियमानुसार आज सहाला बंद होतं, आणि त्या व्यक्तीला नवं खातं उघडून शून्यापासून सुरुवात करावी लागते. “घरच्यांनी अधूनमधून मदत करणं यात गैर काहीच नाही,” त्या म्हणाल्या, आणि ‘काहीच’वर त्यांनी इतका जोर दिला की भिंतीलाही कळावं. “कोणतं लिहू?”

शिक्केवाल्यांना काही कळलं नाही. म्हणजे शब्द कळले, पण त्या क्षणी त्यांचं मन भरून आलं होतं. माणसाला पश्चात्ताप झाला की तो उदार होतो, आणि उदार झालेला माणूस कोणाला विचारत बसत नाही. ते ताडकन उठून उभे राहिले, त्यामुळे कॅमेऱ्यात त्यांचं फक्त पोट दिसू लागलं.

“दुसरं लिहा,” ते म्हणाले. “सगळं तिचं आहे. शब्द तिचे, उत्तरं तिची, माणसंही तिनंच जोडली. मी फक्त कोरतो.”

“नक्की, सर? हे नोंदवलं की बदलता येत नाही.”

समोर बायकोनं हात वर केला होता. शिक्केवाल्यांना वाटलं, तिलाही भरून आलं.

“नक्की,” ते म्हणाले.

पडदा काळा झाला. शिक्केवाले खुर्चीत बसले. आयुष्यात एखादी मोठी गोष्ट केल्यावर जसं हलकं वाटतं तसं त्यांना वाटत होतं. मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि आता ती काय म्हणते याची ते वाट बघू लागले.

तिनं वही टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “पहिलं लिहायला सांगायचं होतं.”

“पण ते खोटं झालं असतं.”

“मी मदत करते, यात खोटं काय होतं? नावासाठी कुठे अडलं होतं माझं? ते चार हजार अभिप्राय मी जमवले होते. मी हात वर केला होता, अहो.”

“मला वाटलं...”

“मला विचारायचं होतं. आठ वर्षांत एकदा.”

शिक्केवाल्यांनी मिटलेल्या वहीकडे पाहिलं. एकदा तिला नाहीशी करून आणि एकदा तिला सगळं देऊन टाकून, दोन्ही वेळा त्यांनी एकाच दुपारी तिला न विचारता तिचं ठरवून टाकलं होतं. पहिल्या वेळी निदान खातं तरी राहणार होतं. हे त्यांना समजलं, पुरतं समजलं, आणि त्यावर करण्यासारखं काहीही त्यांच्या हातात नव्हतं.

चार वाजले. मुलीचा फोन आला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, सहापर्यंत जमतील तेवढे अभिप्राय उतरवून ठेवा. बायको म्हणाली, तारे खात्याला असतात, कागदाला नाही, उतरवून कोणाला दाखवू. पण फोन ठेवल्यावर तिनं लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला, अभिप्रायांचं पान उघडलं आणि वाचायला लागली. नवं काही करायला खातं गोठलेलं होतं, वाचायला मात्र अजून देत होतं.

थोड्या वेळानं शिक्केवाल्यांनी हळूच विचारलं, “मोठ्यानं वाचशील?”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, ती मोठ्यानं वाचू लागली. कुठला तरी वाचनालयवाला लिहीत होता, की काका, ‘हे पुस्तक वाट बघतंय’ हा शिक्का मारायला लागल्यापासून पुस्तकं वेळेवर परत येतात. एक आजोबा लिहीत होते, की पत्रावर शिक्का मारायचा म्हणून नातू आता मला पत्रं लिहितो. एका मुलीनं लिहिलं होतं, की आमच्या बाईंनी माझ्या वहीत ‘वाचलं. आवडलं.’ मारलं आणि मी ते पान फाडून उशीखाली ठेवलं. शिक्केवाले ऐकत होते. मधे त्यांना हसू यायचं, मधे ते भिंग पुसत बसायचे. ही सगळी माणसं आठ वर्षं त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर येऊन बसत होती आणि त्यांना एकाचीही ओळख नव्हती. त्यांनी एवढे शब्द कोरले होते, पण त्यातला एकही आजवर ऐकला नव्हता, असं त्यांना वाटलं.

“हा बघा,” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “हा चार वर्षांपूर्वीचा. ‘काका, मी नोकरी सोडायचं पत्र लिहून ठेवलं होतं. वर्गात उभं राहिलं की माझे पाय कापायचे. शिक्का मागवताना मी ते सहज तुम्हाला लिहिलं, आणि तुम्ही मला लिहिलंत, की...’”

पान पांढरं झालं. मधोमध एक ओळ आली: हे खाते अस्तित्वात नाही. भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजले होते.

बायको पांढऱ्या पानाकडे बघत राहिली. तिचे ओठ किंचित हलत होते, आणि पुढचं वाक्य तिला तोंडपाठ आहे हे शिक्केवाल्यांना दिसत होतं.

“पुढे काय?” त्यांनी विचारलं. “काय लिहिलं होतं?”

“ते माझं आणि तिचं आहे,” ती म्हणाली, आणि नव्या खात्याचा अर्ज उघडला.